एकास बहात्तर : प्रतिकृती-विमानांचा छंद

वैशाखात तीर्थपुरीची बाजारपेठ दुपारी बारानंतर सुस्तावते. आठवडी बाजाराचा दिवस सोडला, तर उन्हे कलेपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही. मोंढ्यातला कापूस केव्हाच उठलेला असतो, उसाची बिले चुकती झालेली असतात आणि मोसंबीचा नवा बहार अजून झाडावर असतो. दुकानाच्या मागच्या खोलीत पंख्याखाली घरातली वडील माणसे आडवी होतात. माडीवर सुट्टीला आलेली नातवंडे हातातल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. एकाच छताखाली दोन पिढ्या असतात, पण त्यांच्यात बोलण्यासारखे काही उरलेले नसते. घनसावंगी तालुक्यातल्या या गावी जे दिसते, ते मराठवाड्यातल्या बहुतेक व्यापारी कुटुंबांत थोड्याफार फरकाने दिसते.

अशा दुपारी दोन्ही पिढ्यांना एका टेबलाशी बसवणारे जे थोडे छंद आहेत, त्यांत विमानांच्या लहान प्रतिकृती घडवण्याचा छंद मोडतो. आपल्या समाजात तो फारसा परिचित नाही. ‘खेळणे’ म्हणून त्याची बोळवण होते. पण त्याला लागणारे गुण पाहिले, म्हणजे हिशेबातली चोख नजर, वाट पाहण्याची तयारी आणि हातातल्या वस्तूविषयीची काळजी, तर तो व्यापारी घराला परका वाटू नये.

या छंदाच्या दोन शाखा आहेत. पहिलीत प्रतिकृती प्रत्यक्ष उडते. तिला इंजिन किंवा मोटर असते, आणि हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा असतो. हे लाकूड मुख्यत्वे दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून येते. दुसऱ्या शाखेतील प्रतिकृती उडत नाही. मूळ विमानाचे प्रमाणबद्ध, रंगरूपासह हुबेहूब लहान रूप एवढाच तिचा हेतू असतो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात या दोन्ही शाखांचे शिक्षण मिळते, आणि छात्रांच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात विमान-प्रतिकृतींच्या स्पर्धाही होतात. घरगुती छंद म्हणून दुसरी शाखा अधिक सोयीची. तिला मैदान लागत नाही, आवाज होत नाही, आणि ती वृद्धाला जमते तशी दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमते.

महाराष्ट्राला लघुप्रतिकृतींचे वेड नवे नाही. पुण्याच्या कोथरूडमधील भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून छोट्या रेल्वेगाड्यांचे एक अख्खे शहर उभे राहिले, आणि १९९८ पासून ते संग्रहालयाच्या रूपाने लोकांसाठी खुले आहे. तेथील गाड्या १/८७ प्रमाणाच्या आहेत. एका माणसाने मन लावून केलेले काम किती जणांना आनंद देऊ शकते, याचा तो उत्तम दाखला होय.

विमानांच्या बाबतीत सर्वांत रूढ प्रमाण १/७२ हे आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ते रुजले. त्यामागचा हिशेब सरळ आहे : सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंच उंचीचा होतो. दुसरे लोकप्रिय प्रमाण १/४८. त्यात मुळातला एक फूट प्रतिकृतीत पाव इंच भरतो. दुसऱ्या महायुद्धात या छोट्या विमानांना अनपेक्षित काम मिळाले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडे १/७२ प्रमाणाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. युद्धानंतर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच निघाले आणि हा छंद जगभर घरोघरी गेला. इंग्लंडची एअरफिक्स आणि जपानमधील शिझुओका शहरातली तामिया ही त्यांतली सर्वांत परिचित नावे.

संचाच्या खोक्यात पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. नवखा माणूस ते हाताने पिळून तोडतो, आणि पहिली चूक तेथेच होते. भाग छोट्या कटरने, थोडे अंतर ठेवून कापावा लागतो आणि उरलेला कोंब बारीक पॉलिश पेपरने घासावा लागतो. पेपर चढत्या क्रमांकाने, ४००, ६०० आणि १०००, असा वापरायचा. त्याआधी सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. डिंक लावण्यापूर्वी दोन्ही भाग नुसतेच जुळवून पाहायचे. फट असेल तर आधी घासायचे, मग जोडायचे. प्लॅस्टिकचा पातळ डिंक खरे म्हणजे चिकटवत नाही. तो दोन्ही कडा क्षणभर विरघळवून एकजीव करतो. त्यामुळे एकदा बसलेला सांधा पुन्हा उकलत नाही. सौदा करण्यापूर्वी माल पाहावा, सौद्यानंतर नव्हे, हे दुकानात बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जोडणीनंतर फटींत पुट्टी भरणे, पुन्हा घासणे आणि अस्तराचा पहिला हात देणे ही कामे येतात. अस्तराचा करडा रंग निष्ठुर परीक्षक असतो. उघड्या प्लॅस्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा तो दाखवून देतो. मग पुन्हा मागे जायचे. त्यानंतर रंगाचे पातळ हात. एक जाड थर देण्याऐवजी तीन पातळ थर द्यावेत, आणि दोहोंमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. निशाण्या आणि क्रमांक पाण्यात भिजवून सरकवण्याच्या पातळ चित्रांच्या रूपात येतात. ती खरबरीत पृष्ठभागावर लावली तर खाली हवा अडकून चांदीसारखी चमकते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, त्यावर चित्रे आणि सर्वांवर शेवटी मंद वॉर्निशचा हात, असा क्रम ठरून गेला आहे. भारतीय वायुसेनेची गोल निशाणी करताना नवख्यांची हटकून चूक होते. तिच्यात केशरी रंग बाहेर, मधे पांढरा आणि केंद्रात हिरवा असतो.

मराठवाड्याचे हवामानही या कामात भागीदार असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फवारलेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पंख हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो. अशा दिवसांत रंगकाम पहाटे करावे आणि पातळकाचे प्रमाण थोडे वाढवावे. पावसाळ्यात उलट घडते. पातळक उडताना हवेतील ओल रंगावर धरते आणि वॉर्निशवर पांढुरके धुके येते. झडीच्या दिवसांत रंगाला हात न लावता फक्त कापणे-घासणे करावे. प्लॅस्टिकचा डिंक आणि पातळक यांची वाफ अपायकारक असते आणि पेटही घेते. खिडकी उघडी हवी, जवळपास दिवा किंवा उदबत्ती नको, आणि लहान मुलाने हे काम मोठ्यांच्या देखत करावे.

इथपर्यंतची माहिती कोणत्याही घराला लागू पडते. जैन घरात मात्र याच टेबलावर आणखी काही प्रश्न येऊन बसतात, आणि ते टाळून हा छंद स्वीकारणे योग्य होणार नाही.

पहिला प्रश्न साहित्याचा. चित्रकारांचे उत्तम मानले जाणारे कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. सेबल नावाचा कुंचला मुंगसाएवढ्या एका थंड प्रदेशातील प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो, दुसरे काही खारीच्या केसांचे. आपल्याकडे प्रत्यक्ष मुंगसाच्या केसांचे कुंचले पूर्वी राजरोस विकले जात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यापार आता गुन्हा आहे, तरी चोरटी विक्री पूर्णपणे थांबलेली नाही. म्हणून कुंचला घेताना नुसती किंमत पाहून भागत नाही. कृत्रिम धाग्याचे कुंचले आज सहज मिळतात आणि या कामाला पुरेसे चांगले असतात.

लाकडी प्रतिकृतीसाठी सुतार पूर्वी सरेस वापरीत. तो जनावरांच्या चामड्या-हाडांपासून होतो. बळवंतराय पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल हा पांढरा कृत्रिम डिंक बाजारात आणला आणि हळूहळू सुतारांच्या चुलीवरून सरेसाचे भांडे उतरले. जैन घराला ही सोय लहान नव्हे. तसेच लाकडाला चमक आणणारे चपड्याचे पॉलिश लाखेच्या किड्यापासून मिळते. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा निषेध का केला आहे, हे येथे आपोआप उमगते. त्याऐवजी पाण्यात विरघळणारे कृत्रिम वॉर्निश वापरता येते. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय मुलाला अशी लागली, तर ती पुढे त्याला जन्मभर उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. दुकानात मिळणारे बहुतेक संच लढाऊ विमानांचे असतात. खोक्यावरच्या चित्रात आगीचे लोळ असतात आणि आतल्या भागांत बॉम्ब व क्षेपणास्त्रे निराळ्या फांदीवर लावून दिलेली असतात. श्रावकाच्या बारा व्रतांत आठवे अनर्थदंड विरमण. निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहणे हा त्याचा आशय, आणि हिंसेची साधने पुरवणे हा अनर्थदंडाचाच एक प्रकार सांगितला आहे. प्लॅस्टिकचे शस्त्र कोणाला मारत नाही, हे खरे. पण ज्या हातांनी ते तासन्‌तास घासून गुळगुळीत करायचे, त्या हातामागच्या मनात काय चाललेले असते, हा प्रश्न उरतोच. घरातल्या एखाद्या आजीने ‘बॉम्ब कशाला करता रे?’ असे विचारले, तर त्याला हसण्यावारी नेणे सोपे आहे, उत्तर देणे कठीण आहे.

याला दुसरी बाजूही आहे. देशाच्या रक्षणासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या विमानाची प्रतिकृती कृतज्ञतेपोटीही घडवली जाते. १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात नॅट विमानातून लढताना वीरगती मिळालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हे परमवीर चक्र मिळालेले वायुसेनेचे एकमेव अधिकारी. त्यांचे ते विमान १/७२ प्रमाणात जेमतेम १२ सेंटिमीटर लांब भरते. ते कोणी आदराने कपाटात ठेवले, तर त्याला दोष कसा द्यावा? हा निर्णय ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या व्रतांच्या मर्यादेत घ्यायचा आहे. पण निवड करायला जागा आहे, एवढे मुलाला माहीत असायला हवे. टपाल नेणारी विमाने आहेत, प्रवासी विमाने आहेत, प्रशिक्षणाची विमाने आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते पस मॉथ हे छोटे विमान याच जातीचे.

आणि एक विमान तर असे आहे, की ज्याच्यावर मराठी मुलखाचा आणि जैन समाजाचा दुहेरी हक्क पोहोचतो.

सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव ‘जैन बोधक’ या मराठी जैन नियतकालिकाचे संस्थापक म्हणून जुन्या वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या घरी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांनी तो सोडून रेल्वेच्या ठेकेदारीत पाऊल टाकले, मग जहाजे, साखर, मोटारी. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले, त्या ५ एप्रिलला आज राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली, आणि भारतात विमाने बांधण्याचा विचार पक्का झाला. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान तेथे जुळून तयार झाले. मात्र युद्ध दाराशी येऊन ठेपले होते. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. स्वतः रुजवलेले झाड दीड वर्षात दुसऱ्याच्या कुंपणात गेलेले त्यांनी पाहिले. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच कारखान्याला आज सारा देश ‘हॅल’ म्हणून ओळखतो. महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे त्याच संस्थेने मिग आणि सुखोई विमाने बांधली.

त्या कारखान्यात सुरुवातीच्या दिवसांतच एक मराठी तंत्रज्ञ आले होते. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडचा. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले होते. बंगळुरूच्या कारखान्यात त्यांनी आधी दहा आसनी ग्लायडर आखले आणि पुढे एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ ने पहिले उड्डाण केले. भारतीयांनी आखून मोठ्या संख्येने बांधलेले हे पहिले इंजिनाचे विमान. दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली. तीन दशकांहून अधिक काळ वायुसेनेच्या तरुणांनी त्यावर उड्डाणाची बाराखडी गिरवली, आणि काही विमाने घानालाही गेली. या विमानाचा जन्म मारण्यासाठी झाला नव्हता, शिकवण्यासाठी झाला होता. आजीच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर शोधून सापडणार नाही.

एचटी-२ चा संच कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही. ते विमान स्वतःच घडवावे लागते, आणि छंदाची खरी गोडी तेथे लागते. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर. दोन्हींना ७२ ने भागले, की १४.९ आणि १०.५ सेंटिमीटर येतात. म्हणजे हे विमान तळहातावर मावते. जुन्या छायाचित्रांवरून आणि आराखड्यावरून कागदावर त्याची बाह्यरेखा काढायची. मऊ लाकडाचे धड कोरायचे. पंखांसाठी जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकची पट्टी कापायची, वरची बाजू किंचित फुगीर आणि खालची सपाट ठेवायची. पंख धडाच्या तळाशी येतात, मागे एक आणि पुढे एक असे दोन वैमानिक बसतात, आणि चाके पोटात घेतली जात नाहीत. मूळ विमानातील १० सेंटिमीटर येथे दीड मिलिमीटरच्याही आत येतात. त्यामुळे पंख एका बाजूला एक मिलिमीटर जास्त कापला गेला, तर मूळ विमानात ती सात सेंटिमीटरची चूक ठरते. रोजमेळात एका पैशाचा फरक राहिला म्हणून रात्र जागवणाऱ्या मुनिमांच्या परंपरेत वाढलेल्या घराला हा हिशेब पटकन समजतो.

या कामाला वेळ किती द्यावा? सामायिकाची सर कोणत्याही छंदाला येणार नाही आणि तशी तुलनाही करू नये. पण ४८ मिनिटे एका आसनावर स्थिर बसण्याची सवय असलेल्या घरात एवढाच काळ एका पंखाला देणे कोणाला जड जाऊ नये. आपल्याकडे ‘जयणा’ हा फार मोलाचा शब्द आहे. प्रत्येक हालचाल सावधपणे करणे, हा त्याचा अर्थ. कटरचे पाते कोणत्या दिशेला आहे, डिंकाचे झाकण लावले का, धुतलेल्या कुंचल्याचे रंगीत पाणी कोठे ओतले, उघड्या रंगात चिलट तर पडले नाही, हे पाहणे म्हणजे त्या शब्दाचा टेबलावर बसून केलेला सराव होय.

एका दोषापासून मात्र आधीच सावध राहावे. या छंदात पडलेली जगभरची माणसे जेवढे संच घडवतात, त्याहून कितीतरी अधिक विकत घेऊन ठेवतात. न उघडलेल्या खोक्यांनी कपाटे भरतात. संच काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असतात आणि बघता बघता मोठी रक्कम धूळ खात पडते. आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण ठरवण्याचे व्रत आहे. तेच येथे लावावे : हातातली प्रतिकृती पूर्ण होऊन तिच्यावर शेवटचा हात फिरल्याशिवाय दुसरे खोके घरात आणायचे नाही. एक छोटी वही करावी. कोणता रंग कोणत्या प्रमाणात मिसळला, किती थर दिले, किती पैसे खर्चले, काय बिघडले, हे तारखेनिशी लिहावे. बिघाडाचा रकाना नेहमी सर्वांत मोठा भरतो आणि तोच सर्वांत उपयोगी असतो.

या छंदातून मुलगा वैमानिक किंवा अभियंता होईलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. व्यापारी घरातली मुले आज पुण्या-मुंबईला, कोणी परदेशी जातात, आणि तीर्थपुरीच्या दुकानाचे शटर उद्या कोण उघडणार, हा प्रश्न अनेक घरांत न बोलता सर्वांच्या मनात असतो. छोटे विमान त्याचे उत्तर देत नाही. पण आजोबांचा हात थरथरतो, तेव्हा नातू पंख धरून ठेवतो. नातवाचा धीर सुटतो, तेव्हा आजोबा म्हणतात, ‘राहू दे, उद्या वाळल्यावर बघू.’ एका सुट्टीत तयार झालेले पंधरा सेंटिमीटरचे विमान एवढे तरी नक्की साधते.

पूर्ण झालेली प्रतिकृती लाकडाच्या छोट्या पट्टीवर बसवण्याची रीत आहे. पट्टीवर विमानाचे नाव आणि वर्ष लिहितात. एचटी-२ घडवणाऱ्याने त्या पट्टीवर आणखी दोन ओळींची जागा ठेवावी : ‘रचना – डॉ. वि. मा. घाटगे’ आणि ‘कारखान्याचे संस्थापक – शेठ वालचंद हिराचंद, सोलापूर’. खऱ्या विमानाच्या पंखांवर ही नावे कधी लिहिली गेली नाहीत. गादीशेजारच्या कपाटातल्या प्रतिकृतीखाली ती असली, तर माल घ्यायला आलेले गिऱ्हाईक एखादे वेळी थांबून विचारील, आणि सांगायला घरातला मुलगा पुढे होईल.